फ्रेंच ओपन तोंडावर आली आहे, लाल मातीच्या टेनिसवर बोलूया

तांबडीमाती (फोंडा)

मंडळी, पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी सुरू झाली म्हणजे फ्रेंच ओपन आलीच. दरवर्षी इथे फायनलच्या दिवशी धागा निघतो, दोन दिवस धावतो आणि विझतो. यंदा मुद्दाम आधी काढतोय. माझं ठाम मत आहे की ही स्पर्धा बघायची तर पहिल्या आठवड्यापासून, आणि तीही आडबाजूच्या कोर्टांवरची.

विम्बल्डनला मोठा खेळाडू पहिल्या दोन फेऱ्या सर्व्हिसच्या जोरावर काढून नेतो. फ्रेंच ओपन जिथे होते त्या रोलाँ गॅरोसवर तशी सोय नाही. २०२५ मध्ये लोइस ब्वासाँ नावाची फ्रेंच मुलगी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर खेळली. रँकिंग ३६१. तिने तिसरं मानांकन असलेल्या पेगुलाला हरवलं, सहाव्या मानांकित आंद्रेयेव्हाला हरवलं आणि थेट सेमीफायनल गाठली. हे दुसऱ्या कुठल्या कोर्टावर होणं फार कठीण.

आता त्या कोर्टाबद्दल, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आपण माती म्हणतो, पण वर दिसतो तो लाल थर म्हणजे विटांची भुकटी, जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिच्याखाली सहा-सात सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा चुरा. त्याखाली जळक्या कोळशाची खर, आणि सगळ्यात खाली फूटभर दगडखडी. चेंडू त्या भुकटीत घासतो, पुढे जायचा वेग मोडतो आणि उसळी वर जाते. गवतावर जो फटका थेट विनर ठरला असता तो इथे परत येतो, पुन्हा येतो, आणि पुन्हा. म्हणून एका पॉइंटसाठी चार-पाच फटके आधी डोक्यात मांडावे लागतात. उंच चेंडू टाकून समोरच्याला मागे रेटायचं, एका कोपऱ्यात ओढायचं, मग उलट्या बाजूला मारायचं, किंवा तो मागे उभा आहे हे बघून जाळीलगत अलगद ड्रॉप टाकायचा.

नदालने ह्याच गोष्टीचं सोनं केलं. डावखुरा टॉपस्पिन फोरहँड, उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडला पार खांद्याच्या वर. २००५ ते २०२२ या काळात १४ विजेतेपदं, आणि तिथल्या एकूण ११६ सामन्यांत ११२ विजय. त्याला तिथे हरवणारे तिघेच, सोडरलिंग, जोकोविच आणि झ्वेरेव. त्यातल्या जोकोविचने दोनदा. उलट बाजूने बघा. सँप्रसकडे १४ ग्रँड स्लॅम, पण त्यात ही नाही, १९९६ ची सेमीफायनल हीच त्याची इथली मजल. मॅकेन्रो १९८४ च्या फायनलमध्ये लेंडलवर दोन सेटची आघाडी घेऊन हरला. बेकर, एडबर्ग, कॉनर्स, कुणालाच ही मिळाली नाही. एवढे थोर खेळाडू, आणि ह्या एका कोर्टाने त्यांना दाद दिली नाही.

आता मला खरं सलतंय ते सांगतो. आमच्या भागातली टेनिस शिकणारी मुलं सगळी हार्ड कोर्टवर शिकतात. टीव्हीवर पंधरा दिवस लाल माती बघतात आणि सकाळी सिमेंटवर जातात. गोव्यात मुलांसाठी नीट बांधलेली दोन क्ले (लाल मातीची) कोर्टं व्हायला हवीत असं मला मनापासून वाटतं. जाणकारांनी ह्यावर लिहावं. बाकी यंदा कोण जिंकणार वगैरे अंदाजही येऊ द्या.

रात्रपाळी (वास्को)

चांगला धागा. वेळेचं आधी लिहून ठेवतो, दरवर्षी कुणीतरी विचारतंच. उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. मागच्या काही वर्षांचं वेळापत्रक धरलं तर बाहेरची कोर्टं आपल्या दुपारी अडीचला सुरू होतात, फिलिप शात्रिए हे मुख्य कोर्ट साडेतीनला, आणि रात्रीचा सामना आपल्याकडे पावणेबाराला. फायनल संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे जेवणवेळेपर्यंत आटपावी, पण २०२५ ची पुरुषांची फायनल पाच तास एकोणतीस मिनिटं चालली. ती रात्र मी विसरणार नाही. चौथ्या सेटमध्ये अल्काराझ ३-५, सर्व्हिसवर ०-४०. तीन चॅम्पियनशिप पॉइंट सिनरच्या हातात. आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांनी टीव्ही बंद केले होते. तिथून तो सेट काढला, पाचवा सुपर टायब्रेकवर (दहा गुणांचा निर्णायक डाव) १०-२ घेतला. त्या स्पर्धेतली आजवरची सगळ्यात लांब फायनल.

शिरोड्याची_मेधा

तांबडीमाती दादा, पहिल्या आठवड्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण रात्रीच्या सामन्याचा विषय निघालाच आहे तर मला बोलायचंय.

रात्रीचं सत्र २०२१ पासून सुरू झालं. शात्रिएवर एकच सामना, वेगळं तिकीट, सगळ्यात जास्त प्रेक्षक. २०२३ मध्ये सबालेंका आणि स्टीफन्स यांचा सामना तिथे झाला. त्यानंतर २०२४ आणि २०२५ ह्या दोन्ही वर्षी रात्री बायकांचा एकही सामना लागला नाही. एकही नाही! आयोजकांचं कारण असं की बायकांचे सामने तीन सेटचे, तासाभरात संपला तर तिकीट काढणाऱ्यांचं काय. मग २०२४ च्या दुसऱ्या फेरीतला श्विआंतेक-ओसाका सामना आठवा. श्विआंतेकने मॅच पॉइंट वाचवला आणि ७-६, १-६, ७-५ असा जिंकला, तीन तासांना काही मिनिटं कमी. तो दिवसा खेळवला होता. त्या वर्षीच्या कित्येक पुरुषांच्या सामन्यांपेक्षा तो सरस होता.

बक्षिसाची रक्कम २००७ पासून सगळ्या फेऱ्यांना सारखी आहे. पैसे सारखे देता, मग वेळ का नाही? माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, टेनिस शिकते. सगळ्यात मोठा म्हणून जो सामना जाहिरातीत दाखवतात तो रोज पुरुषांचाच असतो, हे तिला दिसतं. तिने मला विचारलं, आणि माझ्याकडे तिला देण्यासारखं उत्तर नव्हतं. यंदा तरी हे बदलावं.

तांबडीमाती

मेधाताई, पूर्ण पटलं. आणि ह्या स्पर्धेत तर बायकांचा इतिहास किती मोठा. ख्रिस एव्हर्टची सात विजेतेपदं, श्विआंतेकची चार. दुसऱ्या क्रमांकाचं कोर्ट सुझान लाँग्लेनच्या नावाचं आणि तिसरं सिमोन मातियूच्या. दोन कोर्टांना बायकांची नावं देऊन रात्रीचं सत्र मात्र पुरुषांना, हे शोभत नाही.

पेडण्याचो_झील

गोव्याच्या धाग्यावर अजून लिएंडर पेसचं नाव कसं नाही आलं बाबांनो?

त्याचे वडील डॉ. वेस पेस गोव्यात जन्मलेले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला हॉकीत कांस्य मिळवणाऱ्या संघात होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. मुलगा कोलकात्यात वाढला, पण मूळ आपल्याकडचं. आणि रोलाँ गॅरोसवर भारताचं जे काही नाव आहे त्यात त्याचा वाटा केवढा! १९९९ मध्ये महेश भूपतीबरोबर दुहेरी, इव्हानिसेविच आणि तरँगोला हरवून. २००१ मध्ये परत महेशबरोबर. २००९ मध्ये लुकाश द्लोहीबरोबर. २०१६ मध्ये हिंगिसबरोबर मिश्र दुहेरी, तीही सानिया मिर्झा आणि डोडिगविरुद्ध, पहिला सेट गमावून, सुपर टायब्रेक १०-८. त्या विजयाने मिश्र दुहेरीतली चारही ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर झाली.

आणि भारताचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपदही इथलंच, १९९७ मध्ये भूपती आणि जपानची रिका हिराकी. पुढे २०१२ मध्ये सानिया-महेश, २०१७ मध्ये बोपण्णा आणि दाब्रोव्स्की. आपल्या लोकांना ही माती परकी नाही.

बेसलाइन (म्हापसा)

पेडण्याच्या झिला, अभिमान आहेच रे. पण ही सगळी दुहेरी. मी मुलांना टेनिस शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावून लिहितो.

दुहेरीत जाळीवरचा खेळ, हातांची चपळाई आणि डोकं चालतं. आपले लोक त्यात पहिल्यापासून तयार. एकेरीत क्लेवर टिकायला वेगळी तयारी लागते, आणि ती लहानपणी घडते. माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची मुलं येतात. फटका सपाट, जोरात, तिसऱ्या चेंडूला पॉइंट संपवायची घाई. हार्ड कोर्टवर त्यांना तसं यश मिळतं, म्हणून सवय पक्की होते. हीच मुलं परगावी क्लेवरच्या स्पर्धेला गेली की पहिल्याच फेरीत गळतात. समोरचा पोरगा काही विशेष करत नसतो. तो फक्त प्रत्येक चेंडू परत करतो, आणि आमची पोरं सहाव्या-सातव्या फटक्याला चिडून बाहेर मारतात.

दुसरं, पाय. हार्ड कोर्टवर पाय थांबतो, क्लेवर घसरतो. चेंडूकडे पळत जायचं, मारायच्या आधीच घसरणं सुरू करायचं, वजन बाहेरच्या पायावर, गुडघा वाकलेला, आणि घसरण संपता संपता फटका. मग लगेच त्याच पायाने ढकलून मागे. हे सांगून येत नाही. पोरगं अंगाला माती लावून शंभरदा पडल्याशिवाय येत नाही. मी सिमेंटवर ते शिकवू शकत नाही, शिकवायला गेलो तर घोटा मोडेल.

सुमित नागलचं उदाहरण घ्या. तो जर्मनीत राहून तयारी करायला लागला. रोम, टॅम्पेरे, हाइलब्रॉन इथली त्याची चॅलेंजर (दुसऱ्या फळीच्या स्पर्धांतली) विजेतेपदं क्लेवरची. २०२४ मध्ये माँटे कार्लोला मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, इटलीच्या आर्नाल्डीला हरवून. त्याच वर्षी रोलाँ गॅरोसच्या मुख्य फेरीत खेळला, जुलैत रँकिंग ६८ पर्यंत गेलं. गुण आपल्या पोरांत आहे हे त्याने सिद्ध केलं. ते फुलायला त्याला एवढ्या लांब जावं लागलं, ही खंत आहे.

म्हणून तांबडीमातीच्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा.

रेषेवर (पर्वरी)

मी थोडा विरुद्ध सूर लावतो. क्लेचं कौतुक ठीक, पण रोलाँ गॅरोस काही बाबतींत हट्टी आहे. चार ग्रँड स्लॅमपैकी फक्त इथेच चेंडू आत की बाहेर ते सांगायला अजून रेषेवर माणसं उभी असतात. विम्बल्डनसारख्या परंपरेच्या माहेरघराने २०२५ पासून यंत्राचा निवाडा स्वीकारला. एटीपी ह्या पुरुष टेनिसच्या संघटनेच्या क्लेवरच्या स्पर्धांतही आता यंत्र आहे. मग इथेच पंचाने खुर्चीवरून उतरून मातीत वाकून बघायचं का?

तांबडीमाती

रेषेवर भाई, ह्यावर आपण भांडूया, कारण मला तो क्षण ह्या खेळातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

नीट आठवून बघा. चेंडू रेषेजवळ पडतो. खेळाडू हात वर करून थांबतो आणि रॅकेटच्या टोकाने खूण दाखवतो. पंच उतरतो, धावत येतो, आधी खात्री करतो की खूण ह्याच चेंडूची, कारण शेजारी तीन जुन्या खुणा असतात. मग वाकून त्या लांबट ठशाची कड आणि पांढरी रेषा यांच्यात लाल भुकटी दिसते का ते बघतो. दिसली तर बाहेर. बोट वर. खेळाडू बुटाने खूण पुसतो आणि पुढचा पॉइंट. हरलेल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा बघितलेला असतो. इतर कोर्टांवर तो पुरावा पडद्यावर काढलेलं चित्र असतो.

आणि यंत्र आलं म्हणून वाद मिटले असं थोडंच आहे? २०२५ मध्ये माद्रिदला झ्वेरेवला खूण बाहेर दिसत होती, यंत्र म्हणत होतं आत. त्याने फोन काढून खुणेचा फोटो घेतला आणि त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. भुकटी कुठे जाड, कुठे पातळ, त्यामुळे ठसा कमीजास्त उमटतो हे मान्य. पण खेळाडूच्या डोळ्यांसमोर खूण आहे आणि तिच्याकडे बघायचं नाही, असा नियम मला पटत नाही.

ह्याच मातीवर २०२५ मध्ये शेल्टनविरुद्ध अल्काराझच्या हातातून रॅकेट सुटली होती आणि चेंडू त्या सुटलेल्या रॅकेटला लागून पलीकडे गेला. पंचाने पॉइंट त्याला दिला. त्याने स्वतः जाऊन सांगितलं की रॅकेट माझ्या हातात नव्हती, आणि पॉइंट सोडला. कुठल्या यंत्राने ते सांगितलं असतं?

रेषेवर

अल्काराझचं उदाहरण जबरदस्त, त्याला सलाम. पण खेळाडूच्या चांगुलपणावर नियम चालत नाहीत. सेंटर कोर्टवर अनुभवी पंच असतो. आडबाजूच्या कोर्टवर पात्रता फेरी खेळणाऱ्या पोराला चुकीच्या खुणेवर बाद दिलं तर त्याचं अख्खं वर्ष जातं. मला त्याची काळजी आहे. माझं म्हणणं, यंत्र ठेवा आणि शंका असेल तिथे खूणही बघा.

चिरेखण (डिचोली)

सिव्हिलमध्ये आहे, म्हणून कोर्टाच्या विषयावर लिहितो.

आपल्याकडे तांबडी माती मुबलक आहे म्हणून क्ले कोर्ट सोपं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आपली माती जांभ्याची. चिरा (जांभा दगड) खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्यावर कठीण होतो, हे इथे कुणाला सांगायला नको. ती माती कोर्टावर पसरली तर उन्हात दगड होईल आणि पावसात चिखल. दाबून बसली की पाणी नीट खाली जाऊ देत नाही.

पण आपल्याकडे दुसरी गोष्ट आहे. जुन्या घरांवरची कौलं. गावोगाव लोक छपरं काढून स्लॅब टाकतायत आणि फुटकी कौलं रस्त्याच्या कडेला पडलेली दिसतात. भाजलेली माती ती हीच. जुने गवंडी चुन्यात घालायला सुरखी (भाजलेल्या विटा-कौलांची पूड) वापरायचे, तीच सुरखी बारीक दळून, चाळून कोर्टाच्या वरच्या थराला चालेल. क्ले कोर्टाची सुरुवातच तशी सांगतात. १८८० च्या सुमाराला इंग्लंडच्या रेनशॉ बंधू ह्या टेनिसपटूंनी फ्रान्समधल्या कान शहरात उन्हाने करपणाऱ्या गवतावर भाजलेल्या मातीच्या भांड्यांची पूड टाकली.

खरं काम खालचं आहे. निचरा. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खडीचा थर पॅरिसपेक्षा जाड घ्यावा लागेल, खाली सच्छिद्र पाईप, आणि चारी बाजूंनी गटार. जूनच्या सुरुवातीला वरची सुरखी खरवडून गोण्यांत भरायची, दसऱ्यानंतर परत पसरायची. पावसाळ्यात कोर्ट बंद. हे मान्य असेल तर बांधकाम अशक्य नाही.

खर्च बांधण्यात कमी, सांभाळण्यात जास्त. ह्या कोर्टाला रोज पाणी लागतं, कोरडं पडलं तर भुकटी वाऱ्यावर उडून जाते. एप्रिल-मे मध्ये टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात कोर्टावर पाणी मारायला लागलात तर लोक बरोबर जाब विचारतील. म्हणून आधी विहीर, किंवा सांडपाणी शुद्ध करून वापरायची सोय. त्याशिवाय मी कुणाला हे करा म्हणून सांगणार नाही.

मानकुराद

चिरेखण बाब, फार उपयोगी लिहिलंत. रोज पाणी, रोलर, प्रत्येक सत्रानंतर माती सपाट करायला जाळी ओढणं, रेषा झाडणं. ह्याला एक माणूस पूर्णवेळ लागतो, म्हणून क्लब हार्ड कोर्टाकडे वळले. मिरामारला गास्पार दियाशसारखा पोर्तुगीज काळापासूनचा टेनिस क्लब आहे, म्हणजे खेळ आपल्याकडे नवा नाही. पण टेनिस क्लबांच्या कुंपणातच राहिलं. फुटबॉल गावच्या मैदानावर आलं म्हणून वाढलं. क्ले कोर्ट झालं तर ते सभासदांपुरतं नको, पंचायतीच्या किंवा शाळेच्या जागेवर हवं.

आणि अंदाज विचारलात म्हणून एक आठवण. १९९७ मध्ये ब्राझीलचा कुर्टेन रँकिंग ६६ वर असताना आला आणि जिंकून गेला. २००० आणि २००१ मध्ये परत जिंकला. २००१ ला मॅच पॉइंट वाचवून जिंकल्यावर त्याने रॅकेटने मातीत मोठा बदाम काढला. वर्ल्ड कपला आमच्या वाड्यावर ब्राझीलचे झेंडे लागतात, त्या दिवसापासून टेनिसमध्येही आमचं घर ब्राझीलचं. म्हणून माझी नजर कायम मानांकन नसलेल्यांवर असते.

शिरोड्याची_मेधा

मानकुराद, शाळेच्या जागेचा मुद्दा अगदी योग्य. मुलींच्या दृष्टीने तर फार. क्लब लांब, संध्याकाळी बस नाही, म्हणून माझ्या मुलीच्या बरोबरीच्या दोघी सोडून गेल्या. कोर्ट शाळेत असेल तर टिकतील.

बेसलाइन सर, एक विचारायचं होतं. खरं कोर्ट होईल तेव्हा होईल. तोवर मुलांनी काय करावं?

बेसलाइन

मेधाताई, तोवर बरंच करता येतं. पहिलं म्हणजे बघणं. पहिल्या आठवड्यात एक सामना निवडा, आणि मुलीला चेंडूकडे न बघता एकाच खेळाडूच्या पायांकडे बघायला सांगा, एक पूर्ण सेट. फटका मारल्यावर तो कुठे परततो, बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) किती मागे उभा राहतो, ड्रॉप टाकायच्या आधीचा फटका कुठला होता. मी वहीत लिहायला लावतो. दुसरं, सरावात दहा फटके झाल्याशिवाय विनर मारायचा नाही असा नियम. पहिल्या दिवशी सगळी वैतागतात, महिन्याभरात खेळ बदललेला दिसतो.

आणि चिरेखण बाब, तुमच्या सुरखीचं वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. पूर्ण कोर्ट आत्ता जमणार नाही. पण नुसत्या बेसलाइनच्या मागचा एक पट्टा, सहा मीटर बाय तीन, घसरायला शिकवण्यापुरता, जाळी नाही, रेषा नाही. आमच्या इथे एका पालकांची मोकळी जागा आहे, विहीर आहे. ऑक्टोबरात केला तर मेपर्यंत वापरता येईल. खाली किती खडी लागेल?

चिरेखण

एवढ्या पट्ट्याला फूटभर खडी आणि वर चार इंच बारीक चुरी, एका बाजूला थोडा उतार देऊन. साधारण दोन ट्रक माल. जागा आधी बघायला हवी, चढावर आहे की खोलगट, त्यावर सगळं. कौलं दळायची गिरणी मिळाली नाही तर विटांच्या भट्टीवरचा चुरा चाळून घेऊ. पाऊस लागायच्या आधी जागा दाखवा, पहिल्या पावसात तिथे पाणी कुठे साचतं ते फोटो काढून ठेवा. त्यावरून गटार कुठे घ्यायचं ते ठरवतो.

पेडण्याचो_झील

कौलं हवीत तर आमच्या जुन्या गोठ्याची काढून ठेवलेली आहेत, पुष्कळ. घेऊन जा, पैसे नकोत. फक्त पाऊस सुरू व्हायच्या आधी गाडी आणा, नंतर आमच्या वाटेने ट्रक येत नाही.